दोन फेऱ्यांची दुरुस्ती: कोकणातील एका रेडिओ केंद्राच्या डिशचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोकणातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी, जांभ्याच्या सड्यावर, एक रेडिओ केंद्र आहे. केंद्राचे स्वतःचे कार्यक्रम दिवसातून काही तासच असतात. उरलेल्या वेळी मुंबई आणि दिल्लीहून येणाऱ्या कार्यक्रमांचे सहक्षेपण चालते आणि ते सगळे गच्चीवरच्या, चार गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी पकडणाऱ्या, ३.८ मीटर व्यासाच्या एका सी-बँड डिशमधून खाली येते. केंद्राचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही. गावाचा तपशील गणितापुरताच ठेवला आहे: अक्षांश उत्तर १७ अंश, रेखांश पूर्व ७३ अंशांच्या थोडे पुढे. मी त्या वेळी शेजारच्या जिल्ह्यातील केंद्रात अभियंता होतो आणि या प्रकरणात माझाही एक चुकीचा सल्ला आहे, तो योग्य ठिकाणी येईल.

ही डिश पूर्व रेखांश ८३ अंशांवरच्या उपग्रहाकडे रोखलेली आहे. विषुववृत्ताच्या ३५,७८६ किलोमीटर वर असलेल्या या जागी २००५ च्या डिसेंबरात सोडलेला इन्सॅट-४ए होता. जानेवारी २०२० मध्ये सोडलेल्या जीसॅट-३० ने त्याची जागा घेतली. उपग्रह बदलला, रिसीव्हरमधील फ्रिक्वेन्सी बदलल्या, पण आकाशातले ठिकाण तेच राहिल्यामुळे डिशला हात लावण्याची गरजच पडली नाही. ही सोय होती, पण तिची एक किंमतही होती. ज्या दोघांनी ही डिश मुळात जुळवली ते निवृत्त होऊन गेले आणि त्यांच्यानंतर आलेल्या कोणीही ती कधी जुळवली नव्हती. अझिमथ (उत्तरेपासूनची आडवी दिशा) किती, एलिव्हेशन (क्षितिजापासूनची उंची) किती, ती उंची ठरवणाऱ्या आटेदार दांड्यावर किती आटे दिसायला हवेत, याची नोंद केंद्रात कोठेही नव्हती.

त्या गावाहून हा उपग्रह उत्तरेपासून १५० अंश अझिमथवर, म्हणजे दक्षिण-आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ६७ अंश उंच दिसतो. इतक्या उंचीचे काही परिणाम कोकणाबाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाहीत. पहिला परिणाम चांगला आहे: माड आड येण्याची भीती जवळजवळ नसते, कारण पाच मीटर अंतरावरचा माड डिशपेक्षा बारा मीटर उंच असेल तरच झावळी वाटेत येईल. दुसरा परिणाम वाईट आहे: डिश उभी न राहता परातीसारखी आडवी पडते आणि पावसाचे पाणी तिच्यात साचते. या डिशचा वक्र पाहता, मध्यापासून खालच्या काठाकडे साधारण १.२ मीटरवर पृष्ठभागाचा सर्वांत खोल बिंदू येतो. तेथे निचऱ्याचे भोक असते आणि सगळी भिस्त त्या बोटभर भोकावर असते. तिसरा परिणाम पुढे महत्त्वाचा ठरला: एवढ्या एलिव्हेशनला डिश अझिमथमध्ये एक अंश फिरवली, तरी तिची खरी दिशा जेमतेम ०.४ अंश बदलते, याउलट एलिव्हेशनमधला प्रत्येक अंश पुरेपूर मोजावा लागतो.

रिसीव्हरवर सिग्नल आणि नॉइज यांचे गुणोत्तर डीबीमध्ये (डेसिबेलमध्ये) दिसते आणि दर पाळीला ते लॉगबुकात लिहिले जाते. मे महिन्यात हा आकडा १३.२ होता. पावसाळ्यात तो घसरत गेला आणि सप्टेंबरच्या शेवटी १०.६ वर आला. रिसीव्हरला लॉक, म्हणजे सिग्नलवरची पकड, टिकवायला आठच्या आसपास पुरतात, म्हणून आवाजात काहीच फरक पडला नव्हता. जुन्या अॅनालॉग जोडणीत खरखर वाढली की कान सांगत असत. डिजिटलमध्ये आवाज स्वच्छ येतो नाहीतर येतच नाही. चार महिने आकडा इमानाने लिहिला गेला, पण मागच्या पानावरच्या आकड्याशी तो कोणी ताडून पाहिला नाही.

अडचण

२७ सप्टेंबरला सकाळी ११.४० च्या सुमारास रिसीव्हरचा लॉक पाच मिनिटे गेला. त्या वेळी केंद्राचा स्वतःचा ध्वनिमुद्रित कार्यक्रम चालू असल्यामुळे श्रोत्यांना कळले नाही. २८ तारखेला लॉक त्याच वेळी नऊ मिनिटे गेला आणि या वेळी सहक्षेपण मध्येच तुटले. निवेदकाने क्षमायाचना करून गाणी लावली. उपग्रहाकडे कार्यक्रम पाठवणाऱ्या अपलिंक केंद्राकडे विचारणा झाली. तेथून उत्तर आले की इतर केंद्रांना सिग्नल व्यवस्थित मिळत आहे.

येथे पहिला निर्णयाचा क्षण येतो. रोज ठरावीक वेळी, थोड्या मिनिटांसाठी, शरद संपाताच्या, म्हणजे सप्टेंबरातल्या समान दिवस-रात्रीच्या, आगेमागे सिग्नल जातो आहे, हे ऐकून अनुभवी माणसाच्या तोंडी पहिला शब्द ‘सन आउटेज’ हा आला पाहिजे. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्य काही दिवस उपग्रहाच्या बरोबर मागून सरकतो आणि त्याचा रेडिओ-नॉइज डिशमध्ये शिरून सिग्नलला बुडवतो. केंद्रातल्या मंडळींना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांच्याकडे सन आउटेजचे छापील वेळापत्रकही होते आणि ड्युटीवरच्या तंत्रज्ञाने ते काढून पाहिलेही होते. त्यात तारखा ३ ते ७ ऑक्टोबर अशा होत्या. मग २८ सप्टेंबरला सूर्याचा संबंध कसा असेल, असे म्हणून त्यांनी तो कागद पुन्हा फाइलला लावला.

ते वेळापत्रक दिल्लीसाठी काढलेले होते. हा मुद्दा इतका साधा आणि तरीही इतका निसटता आहे की त्यावर थोडे थांबायला हवे. उपग्रह विषुववृत्ताच्या वर असल्याने उत्तर गोलार्धातून तो खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या आकाशातल्या रेघेच्या) किंचित दक्षिणेला दिसतो. दिल्लीहून साधारण पावणेपाच अंश, तर १७ अक्षांशावरून तीनच अंश. संपातानंतर सूर्य रोज सुमारे ०.४ अंश दक्षिणेला सरकतो, म्हणून तो कोकणातून पाहताना ३० सप्टेंबरच्या आसपासच उपग्रहाच्या मागे येतो, दिल्लीहून पाहताना ५ ऑक्टोबरच्या आसपास. गंमत अशी की घड्याळातली वेळ दोन्हीकडे जवळजवळ सारखीच, पावणेबाराच्या आतली, येते. वेळ जुळत होती आणि तारीख जुळत नव्हती. माणसांनी तारखेवर विश्वास ठेवला.

२९ सप्टेंबरला ११.३६ ला लॉक गेला. तरुण तंत्रज्ञ पाना घेऊन गच्चीवर गेला. पावसाळ्यात डिश खाली झुकली असावी असा त्याचा अंदाज होता आणि तो अगदीच निराधार नव्हता, कारण ऑगस्टमध्ये वाऱ्याने शेजारच्या शेडचे पत्रे उडाले होते. त्याने एलिव्हेशनच्या आटेदार दांड्याचा वरचा नट सैल केला आणि खालचा नट दोन फेरे फिरवला. दुसरा फेरा पुरा होत असतानाच खालून हाक आली, “आला, आला! राहू दे तसाच!” घड्याळात ११.४७ झाले होते.

सूर्य बाजूला झाला होता, पण गच्चीवरच्या माणसाला तो आपल्या पान्याचा गुण वाटला आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही तसेच वाटले असते. त्या दांड्याचा एक फेरा म्हणजे सुमारे ०.१७ अंश, दोन फेऱ्यांनी डिश एक-तृतीयांश अंश वर गेली होती आणि संध्याकाळच्या पाळीत रिसीव्हरवर १०.६ ऐवजी ९.९ लिहिले गेले. दुपारी केंद्रप्रमुखांनी मला फोन करून सगळे सांगितले तेव्हा मी म्हणालो, “सिग्नल आला ना? मग आता हात लावू नका.” आकडा किती आहे हे मी विचारले नाही. विचारले असते तर दुरुस्तीनंतर आकडा कमी झाला आहे, म्हणजे ती दुरुस्ती नव्हे, हे त्याच क्षणी कळले असते.

३० तारखेला ११.३५ ला लॉक पुन्हा गेला. तंत्रज्ञ या वेळी तयारीनेच बसला होता. काल दोन फेऱ्यांनी काम झाले, तर डिश पुन्हा झुकली असणार, म्हणून त्याने त्याच दिशेला आणखी चार फेरे दिले. सिग्नल आला नाही. ११.४८ झाले, सूर्य निघून गेला, तरीही सिग्नल आला नाही, कारण आता डिश एका अंशाहून थोडी जास्त वर गेली होती. ३.८ मीटरच्या डिशचा बीम, म्हणजे ती आकाशाचा जेवढा भाग ऐकते तो, सी-बँडमध्ये जेमतेम १.४ अंश रुंद असतो. एक अंशाची चूक म्हणजे सहा-साडेसहा डीबीची घट आणि हाताशी होते फक्त अडीच डीबी. मग घाईत अझिमथचे क्लॅम्पही सैल करून दोघांनी डिश हाताने इकडेतिकडे ढकलून पाहिली. फेरे किती दिले याची मोजणी तेथेच सुटली. दुपारी दोनपर्यंत डिश नेमकी कोठे पाहते आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

मी रात्री आठला पोहोचलो. एका मोबाइलवरून इंटरनेटचा प्रवाह मिक्सरला जोडून सहक्षेपण कसेबसे चालू होते. आवाज पातळ होता आणि मधूनमधून अडकत होता. परवाची सकाळ २ ऑक्टोबरची होती. गांधी जयंतीला दिल्लीहून येणाऱ्या प्रार्थनासभेच्या सहक्षेपणात खंड पडू नये, अशी केंद्रप्रमुखांची रास्त काळजी होती.

बाहेरचा कंत्राटदार बोलावणे हा पहिला पर्याय. सुट्टीमुळे तो ३ तारखेच्या आधी येणार नव्हता. दुसरा पर्याय रात्रीच मीटर लावून डिश हळूहळू फिरवत शोधत जाण्याचा. तंत्रज्ञाचा आग्रह याच पर्यायासाठी होता, कारण चूक आपल्या हातून झाली ही बोच त्याला स्वस्थ बसू देत नव्हती. मी तो नाकारला. अंधारात, ओल्या गच्चीवर, दोन्ही अक्ष सैल असलेली डिश फिरवणे धोक्याचे होतेच. शिवाय चाचपडत शोधताना शेजारच्या एखाद्या उपग्रहाचा सिग्नल सापडून मीटरचा काटा वर जातो आणि माणूस चुकीच्या जागी खूश होऊन नट आवळतो.

तिसरा पर्याय होकायंत्राचा. तो आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी करून पाहिला आणि लगेच सोडून दिला: डिशच्या लोखंडी खांबाजवळ होकायंत्र एक दिशा दाखवत होते आणि गच्चीच्या कोपऱ्यात तिच्यापासून वीसेक अंश निराळी. रस्त्यापलीकडच्या नव्या मोबाइल टॉवरच्या ५जी चा हा त्रास असेल का, असेही एकाने विचारले. शंका वेडगळ नव्हती. ५जी साठी ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्झचा पट्टा दिलेला आहे आणि आपला सी-बँड ३,७०० ला सुरू होतो, तेव्हा जुन्या रुंद पट्ट्याच्या एलएनबीला (डिशवरचा सिग्नल वाढवून केबलमध्ये देणाऱ्या डबीला) शेजारचा गोंगाट नक्कीच बाधू शकतो. पण टॉवर काही रोज पावणेबाराला जागा होऊन बाराला झोपत नाही.

चौथा पर्याय सूर्याचा होता. ज्या सूर्याने हा घोळ घातला तो अजून दोन-तीन दिवस रोज ११.४१ च्या सुमारास उपग्रहाच्या अगदी जवळून जाणार होता, म्हणजे त्या क्षणी सूर्याची दिशा हीच जवळजवळ उपग्रहाची दिशा. आमची डिश प्राइम-फोकस प्रकारची, फीड, म्हणजे डिशने एकवटलेला सिग्नल झेलणारे तोंड, बरोबर समोर मध्यावर असलेली. अशी डिश ज्या क्षणी सूर्याकडे नेमकी पाहते त्या क्षणी फीडची सावली डिशच्या मध्यबिंदूवर पडते. हा पर्याय ठरला आणि त्याच्यासोबत एक अटही ठरली की सूर्य दिसेपर्यंत डिशला कोणी हात लावायचा नाही.

केलेली कार्यवाही

१ ऑक्टोबरला सकाळपासून परतीच्या पावसाचे ढग होते आणि साडेअकराला सर आली. सूर्य दिसला नाही. तो दिवस वाया गेला असे तेव्हा वाटले, पण खरे दोष सापडले ते त्याच दिवशी, कारण हातात दुसरे काम नव्हते.

डिशमध्ये पाण्याचे तळे होते. निचऱ्याचे भोक शेवाळ, कुजलेली पाने आणि कावळ्यांनी आणून टाकलेल्या काटक्या यांनी बुजले होते. तळ्याची रुंदी हातभर, खोली चार बोटे, आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. एका सळईने भोक मोकळे केले आणि पाणी खाली गच्चीवर धो धो पडले. पृष्ठभाग कापडाने पुसून घेतला.

मग केबल. रिसीव्हरमधून एलएनबीला १८ व्होल्ट जातात. वर एलएनबीपाशी, भार जोडलेला असताना, १३.१ व्होल्टच मिळत होते. एवढी घट चांगल्या केबलमध्ये होत नाही. फीडजवळच्या कनेक्टरवरची टेप कापली तेव्हा आतून पाण्याचा थेंब ओघळला. मधल्या तारेभोवती हिरवट भुकटी जमली होती आणि जाळी काळी पडून चुरली होती. टेप नवीच होती, गेल्या मे महिन्यात गुंडाळलेली. दोष गुंडाळण्याच्या दिशेत होता. ती वरून खाली गुंडाळली होती, त्यामुळे प्रत्येक वेढ्याची कड वरच्या बाजूला उघडी राहिली होती. टेप खालून वर न्यायची असते, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर कौलासारखा बसतो आणि पाणी आत न जाता घरंगळते. कोकणात घर शाकारलेल्या माणसाला हे एका वाक्यात पटते आणि त्या तंत्रज्ञालाही पटले. आम्ही केबलचा खराब भाग कापून नवा कनेक्टर लावला, स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळली, तिच्यावर साधी टेप दिली आणि पाणी कनेक्टरकडे न जाता खाली टपकावे म्हणून केबलला कनेक्टरच्या अलीकडे एक झोल दिला. एलएनबीपाशी आता १७.४ व्होल्ट आले.

पावसाळ्यात आकडा का घसरत होता याचे उत्तर येथे मिळाले. पाऊस आला की सिग्नल घसरणारच, हे वाक्य केंद्रात अनेकदा ऐकू येत होते. घरच्या डीटीएचच्या छत्रीला ते लागू आहे, कारण ती बऱ्याच जास्त फ्रिक्वेन्सीच्या केयू-बँडमध्ये चालते. चार गिगाहर्ट्झच्या आसपासच्या सी-बँडला पाऊस फारसा अडवत नाही. सी-बँडचा सिग्नल पावसात घसरत असेल तर पाणी आकाशात शोधू नये, कनेक्टरमध्ये शोधावे.

२ ऑक्टोबरला सकाळचे सहक्षेपण इंटरनेटवरूनच झाले, दोन ठिकाणी अडकून. दहाला आकाश निवळले. डिशच्या मध्यावरच्या बोल्टभोवती आम्ही खडूने रेघा मारल्या. फोकसचे अंतर १.४४ मीटर असल्याने दिशेतली एक अंशाची चूक सावलीला अडीच सेंटिमीटर सरकवते, म्हणजे साध्या मोजपट्टीने पाव अंशापर्यंत मजल मारता येते. ३० तारखेनंतर सूर्य पाऊण अंशाच्या आसपास दक्षिणेला सरकला होता, म्हणून सावली मध्यावर आणायची नव्हती. ती डिशच्या वरच्या काठाकडे, जरा पूर्वेला झुकून, दोन सेंटिमीटरवर यायला हवी होती. फोकसपाशी हात न्यायचा नाही, ही सूचना मी दोनदा दिली. रंग खडबडीत असला तरी एवढ्या डिशने एकवटलेले ऊन चटका देते.

११.३० ला फीडच्या गोल कडीची सावली मध्यापासून वीतभर लांब, पश्चिमेच्या बाजूला पडली होती. आधी अझिमथ फिरवला. नंतर मोजल्यावर कळले की तो नऊ अंश चुकलेला होता, म्हणजे खऱ्या दिशेत साडेतीन अंश. मग एलिव्हेशनचा नट उलट दिशेला, एकेक फेरा मोजत. ११.४१ ला सावली खडूच्या खुणेवर आली आणि नट हाताने घट्ट केले. रिसीव्हर मात्र लॉक होईना.

दुसरा महत्त्वाचा निर्णयाचा क्षण हा होता. तंत्रज्ञाचा हात पुन्हा पान्याकडे गेला. मी त्याला थांबवले, पण खरे सांगायचे तर ती सात-आठ मिनिटे मलाही जड गेली. सूर्य अजून बीमच्या आतच होता, त्यामुळे डिश अचूक असली तरी लॉक मिळणार नव्हता. मात्र डिश चुकलेली असती तरीही हेच दिसले असते, आणि दोन्हींतला फरक फक्त वाट पाहून कळणार होता. ११.४९ ला लॉक आला, ९.१ डीबी.

आलेला सिग्नल आपलाच आहे का, हे आधी पाहिले: नेटवर्कची ओळख रिसीव्हरवर वाचली आणि हेडफोनवर मुंबईचा कार्यक्रम प्रत्यक्ष ऐकला. मग बारीक जुळवणी. सर्वोच्च बिंदूजवळ आकडा जवळजवळ हलतच नाही, म्हणून शिखर थेट शोधण्यापेक्षा दोन्ही बाजूंना एकेक डीबी घट होईपर्यंत जाऊन मधला बिंदू धरणे बरे. एलिव्हेशनमध्ये ही एक डीबीची घट मध्यापासून दोन-सव्वादोन फेऱ्यांवर येत होती. अझिमथलाही तसेच केले. १३.६ मिळाले. नट पक्के आवळताना ते १२.९ वर आले, कारण एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी आवळली की डिश त्या बाजूला ओढली जाते. पुन्हा सैल करून, समोरासमोरचे नट पाव-पाव फेरा आळीपाळीने आवळत नेले. दुपारी एकच्या सुमारास रिसीव्हरवर १३.४ डीबी स्थिर होते. दांडा, नट आणि अझिमथची कडी यांवर पिवळ्या ऑइलपेंटने आडव्या रेघा मारल्या आणि दांड्यावर उघडे दिसणारे आटे मोजून लॉगबुकात लिहिले.

निष्पत्ती

उपग्रहाचा सिग्नल साधारण ४८ तास बंद होता. सहक्षेपण पूर्ण थांबले ते पहिल्या दिवशी सुमारे दोन तास. पुढे ते इंटरनेटवर चालले. बाहेरून काही विकत आणावे लागले नाही, कनेक्टर आणि टेप भांडारातच होत्या. पावसाळ्यात गेलेले अडीच डीबी परत मिळाले, थोडे वरच. ३ आणि ४ ऑक्टोबरलाही लॉक काही मिनिटे गेला. त्या वेळी गाण्यांची फाइल तयार ठेवली होती आणि गच्चीच्या दाराला कुलूप होते.

वेगळे काय करता आले असते

केंद्राच्या चौकशीत तरुण तंत्रज्ञावर ठपका ठेवावा असा सूर निघाला होता. मला तो पटला नाही आणि मी तसे लेखी कळवले. त्याने हाती असलेल्या माहितीवर निर्णय घेतला, आणि त्या माहितीतला सर्वांत महत्त्वाचा कागद दुसऱ्या शहराचा होता. दोन फेऱ्यांनंतर सिग्नल आला, हा पुरावा कोणालाही फसवेल असा होता. त्याची चूक माझ्या मते एकच आणि ती कारागिरीतली: नट सैल करण्याआधी खूण केली नाही. पेन्सिलची एक रेघ असती तर ३० तारखेला दुपारी बारालाच डिश मूळ जागी आणता आली असती आणि उरलेले सगळे घडलेच नसते.

त्याहून मोठी चूक चार महिन्यांची आहे. १३.२ चे १०.६ होताना लॉगबुक रोज सांगत होते. मेच्या आकड्यापेक्षा एक डीबी कमी झाला की गच्चीवर जाऊन आधी निचरा, मग कनेक्टर, मग एलएनबीचे व्होल्ट पाहायचे, एवढा नियम पुरेसा होता. आता तो रिसीव्हरच्या शेजारी चिकटवला आहे आणि त्यात डिश हलवणे हे शेवटचे पाऊल आहे, तेही दोन माणसांच्या सहीने.

सूर्याच्या पद्धतीबद्दल मात्र मी थोडा सावध आहे. या वेळी ती जमली, कारण नेमका तो आठवडा होता. जूनमध्ये डिश हलली असती तर भर दुपारी सूर्य या उपग्रहाच्या पंचवीस अंश उत्तरेला असता, शिवाय बहुधा ढगातच. तेव्हा सावलीवरून फक्त अझिमथ काढता येतो, तोही सूर्याची त्या वेळची दिशा मोजून, आणि एलिव्हेशनसाठी कोनमापक व ओळंबा लागतो. केंद्राने आता दोन्ही घेतले आहेत. ते वापरून डिश शोधण्याचा सराव अजून कोणी केलेला नाही. चालू डिश सरावासाठी हलवायला कोणी तयार होत नाही आणि त्यांना दोष देता येत नाही.

आणि मी फोनवर जो प्रश्न विचारला नाही, तो आता पहिला विचारतो.

पुढच्या मार्चमध्ये केंद्राने वेळापत्रक स्वतःच्या अक्षांश-रेखांशावरून काढले. वसंतात क्रम उलटतो, दिल्लीची तारीख आधी येते आणि कोकणाची नंतर. दिल्लीच्या कागदावर मधला दिवस ८ मार्च होता, आपल्याकडे १२. त्या दिवशीच्या लॉगबुकात त्याच तंत्रज्ञाच्या अक्षरात नोंद आहे: “११.५६ ते १२.०६ सन आउटेज. फिलर लावला. वर कोणी गेले नाही.”